सुट्टीचा तक्ता

आई जुनी कॅलेंडरं टाकत नाही. जानेवारी लागला की मागच्या वर्षीचं कालनिर्णय खिळ्यावरून उतरतं, गुंडाळून त्याला दोरा बांधला जातो आणि ते माळ्यावरच्या काळ्या ट्रंकेत जातं. ही बाबांची पलटणीतली ट्रंक. वर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर, रँक, नाव. रँकच्या जागी रंगावर रंग चढलेत: शिपायाचा नाईक झाला, नाईकाचा हवालदार. शेवटच्या बढतीच्या वेळी पेंटर मिळाला नाही म्हणे. बाबा नायब सुभेदार होऊन घरी आले, ट्रंक मात्र हवालदारच राहिली. गावाला काही फरक पडला नाही. आमच्याकडे कागल तालुक्यात पेन्शनीत आलेला शिपाई असो की सुभेदार, त्याला सगळे 'मेजर'च म्हणतात.

मागच्या दिवाळीत माळा झाडताना १९९७ ची गुंडाळी हाताला लागली. प्रत्येक तारखेच्या चौकटीत दुधाचा हिशोब: एक, एक, दीड, खाडा. मधूनच निळ्या पेनाने लिहिलेलं 'पत्र'. एप्रिलमध्ये जोतिबाच्या यात्रेच्या आसपास वीस दिवसांवर ओढलेली लांब रेघ, तिच्यावर ठसठशीत 'सुट्टी'. त्यानंतर जूनमध्ये, गणपतीत आणि दिवाळीत तोच शब्द तीनदा येतो, पण प्रश्नचिन्हासकट. 'सुट्टी?' तिन्ही वेळा खोडलेला. दिवाळीतला तर इतका जोर लावून खोडलाय की कागद फाटून मागच्या पानावरचं पुरणाच्या करंज्यांचं साहित्य दिसतं.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. बटालियनचा नंबर लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. पलटण त्या वर्षी उत्तर काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेवर होती. हेसुद्धा मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा आम्हाला ठाऊक होता तो फक्त पत्ता: नंबर, रँक, नाव, कंपनी, मार्फत ५६ एपीओ. चौथीच्या नकाशात मी ५६ एपीओ शोधलं होतं. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "ते गाव नव्हे गं, ते पलटणीचं पोस्टऑफिस आहे." मग पोस्ट कुठंय, तर तेही त्यांना सांगता येईना. आई मात्र त्या आकड्यांवरून दिशा ओळखायची. पत्त्यात ५६ चं ९९ झालं की पलटण पूर्वेला गेली, आसामकडे. पुन्हा ५६ आलं की वर. आठशे माणसं, त्यांच्या तोफा-बंदुका, स्वयंपाकाची भांडी आणि देवळातला देव असं सगळं बिऱ्हाड देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हललं, तरी आमच्या स्वयंपाकघरात त्याची खबर दोन आकड्यांत यायची.

पलटणीचं वर्ष म्हटलं की लोकांना संचलन आठवतं, बिगुल आठवतो, टोपीवरचा हिरवा-लाल तुरा आठवतो. मला आठवतो बाबांचा सुट्टीचा तक्ता. बाबा प्लाटून हवालदार होते. प्लाटूनचे तीसेक जवान कधी घरी जाणार, याची यादी पेन्सिलने आखून कंपनीत न्यायची हे त्यांचं काम. मंजुरी कंपनी कमांडर साहेबांची, पण डोकेफोड हवालदाराची. एकदा मी गणित करत बसले होते तेव्हा त्यांनी माझ्याच वहीत ते मांडून दाखवलं. एका जवानाला वर्षाची साठ दिवस वार्षिक रजा आणि तीस दिवस कॅज्युअल. म्हणजे नव्वद. तीस माणसं, सत्तावीसशे दिवस. ते वर्षभर सारखे पसरले तर कुठल्याही दिवशी सात-आठ माणसं घरी असणार, बाकीच्यांनी त्यांचे पहारे वाटून घ्यायचे. हे जमण्यासारखं आहे. पण उंचावरच्या पोस्टवर, म्हणजे चौकीवर, नोव्हेंबर ते मार्च बर्फानं वाट बंद. त्या पाच महिन्यांत कुणी खाली नाही, कुणी वर नाही. उरले सात महिने. आता भाग दे, म्हणाले. मी भागाकार केला, तेरा आले. "तीसातली तेरा घरी गेली तर पोस्ट राखायची कुणी? खेचरांनी?"

शिवाय सगळ्यांना सुट्टी हवी एकाच वेळी. मे महिना लग्नांचा. जून पेरणीचा. मग गणपती, मग दिवाळी, आणि ज्याचा ऊस उभा आहे त्याला तोडीच्या वेळी. एकाला बहिणीचं लग्न, दुसऱ्याला भावकीतली मोजणी, तिसऱ्याच्या बायकोला दिवस गेलेले. पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बाबा हे सगळं जुळवायचे. एकानं गणपती घेतला की दुसऱ्याची दिवाळी जायची. पुढे पलटणीतले त्यांचे जोडीदार घरी यायला लागले तेव्हा त्यांच्या गप्पांत लढाई क्वचित यायची. "त्या साली माझा जून ह्यानं खाल्ला," हे मात्र दरवेळी यायचं. वीस-वीस वर्षांनीही हिशोब फिटलेले नव्हते.

आणि सुट्टी मंजूर झाली म्हणजे माणूस घरी आला असंही नाही. पोस्टवरून पायी खाली, मग गाडीनं श्रीनगर, तिथून काफिला बनिहालच्या बोगद्यातून जम्मूला. घाटात दरड पडली असली तर ट्रान्झिट कॅम्पात मुक्काम. मग झेलम एक्सप्रेस. पुण्यापर्यंत दोन रात्री. झेलममध्ये बर्थखाली काळ्या ट्रंका अशा रचलेल्या असत की पाय ठेवायला जागा नसायची, आणि वाटेतल्या स्टेशनांवर चहावाले बाबांना न विचारता 'फौजी भाई' म्हणत. पुण्याहून मिरज, कोल्हापूर, तिथून एसटी. आई बाबांना दारात बघायची तेव्हा तिच्या आधी आमचा कुत्रा भुंकायचा. दर सुट्टीत तो नव्यानं भुंकायचा, आणि बाबा दरवेळी मनापासून दुखावायचे.

त्या साली गणपतीची सुट्टी खोडली गेली, पण गणपती वर गेला. बाबांच्या प्लाटूनमधला शेजारच्या गावचा एक जवान सुट्टी संपवून परत निघाला होता. तो निरोप घेऊन आमच्याकडे आला: हवालदार साहेबांनी मूर्ती मागितलीय, वीतभर, शाडूची. आजोबा कोल्हापूरला शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत जाऊन घेऊन आले. साबणाच्या खोक्यात भाताचा कोंडा भरून आईनं त्यात ती बसवली. सोबत शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लाडू आणि वर तुळशीच्या दोन डहाळ्या, त्या तिथवर काय टिकणार होत्या देव जाणे. बसमध्ये आणि झेलमच्या दोन रात्री ते खोकं त्या पोरानं मांडीवर घेतलं, काफिल्यात कुशीत धरलं आणि शेवटच्या चढाला खेचरावर लादलं. खेचरानंच घात केला. खोकं उघडलं तेव्हा सोंड शाबूत होती, मोदकाचा हात मनगटातून निखळलेला. बाबांनी तो कणकेनं चिकटवला. पाचव्या दिवशी दिवस मावळायच्या आत खालच्या नाल्यात विसर्जन झालं. दिवस मावळायच्या आत, कारण तिन्हीसांजेला स्टँड-टू. रोज पहाटे आणि रोज संध्याकाळी, उजेड-अंधाराच्या सीमेवर, अख्खी पोस्ट हत्यारं घेऊन आपापल्या मोर्चात, म्हणजे खंदकात, उभी राहते. हल्ला व्हायचा तर याच वेळी होतो, हा पायदळाचा जुना अनुभव. आमच्याकडे या वेळी दिवा लावून शुभंकरोति म्हणतात.

दसऱ्याला आईनं अंतर्देशीय पत्रात आपट्याची पानं घातली. आत काही घालू नये असं पत्रावर छापलेलं असतं, ते तिनं वाचलं असेल असं वाटत नाही. ती पानं दसरा उलटून पंधरा दिवसांनी पोहोचली. शस्त्रपूजा तोवर झाली होती, एलएमजीला, म्हणजे हलक्या मशीनगनला, आणि मॉर्टरला हळदकुंकू लागलं होतं. तरी बाबांनी ती सात-आठ पानं मधोमध कात्रीनं कापून सगळ्यांना सोनं वाटलं.

आणखी एक गोष्ट मला लहानपणापासून गमतीची वाटत आलीय. मराठा पलटणींची युद्धघोषणा आहे 'बोला श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय, टेमलाई माता की जय'. पहिलं नाव कुणालाही कळतं. पण टेमलाई म्हणजे आमच्या कोल्हापूरची टेंबलाई, त्र्यंबोली. शहराच्या कडेला एक बुटकी टेकडी, तिच्यावर देऊळ. आषाढात गल्लोगल्लीच्या बायका पंचगंगेचं नवं पाणी घागरींतून नेऊन तिच्या पायऱ्यांवर ओततात, पुढे पी ढबाक वाजत असतं. नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी तिला भेटायला जाते आणि तिथं कोहळा फोडतात. अंबाबाईपेक्षा ती धाकटी, थोडी रुसकी, लांब टेकडीवर जाऊन बसलेली. डोंगरांत पोरं जिच्या नावानं आरोळी ठोकतात ती ही रुसूबाई. माझी आजी बाबांच्या काळजीनं अंबाबाईकडे कधी गेली नाही. "तिच्या मागं सगळी दुनिया लागलीया," म्हणायची, "टेंबलाईकडं पलटणीचं खातं हाय."

नोव्हेंबरच्या आधीचे दोन महिने बाबांच्या आठवणीत सगळ्यात दमवणारे होते. विंटर स्टॉकिंग. वाट बंद व्हायच्या आत पुढचे सहा महिने पुरेल एवढं सगळं वर न्यायचं: कणीक, तांदूळ, डाळ, डबाबंद भाजी, औषधं, काडेपेट्या, दारूगोळा आणि सगळ्यांपेक्षा जास्त रॉकेल. वीस-वीस लिटरचे जेरीकॅन. रॉकेलवर स्वयंपाक, रॉकेलवर बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी, बुखारीवर बर्फ वितळवून पाणी. रॉकेल संपलं तर समोर ढीगभर बर्फ असून प्यायला थेंब नाही. काही माल माणसांच्या पाठीवर, बाकीचा खेचरांवर. पलटणीतली खेचरं साधी नव्हेत, त्यांच्या खुरावर नंबर डागलेला असतो. बाबा अजूनही एका खेचराची आठवण नंबरासकट काढतात. ते वाटेत एका ठरावीक वळणावर रोज थांबायचं आणि कुणी कितीही ओढलं तरी मनात येईल तेव्हाच निघायचं. दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर पुढच्या बाजूनं कडा ढासळला, अशी काहीतरी गोष्ट आता येईल असं मला लहानपणी वाटायचं. तसं काही झालं नाही. ते नुसतंच हट्टी होतं.

मग बर्फ पडलं आणि कॅलेंडरवरचं 'पत्र' थांबलं. डिसेंबरच्या मध्यावर एक आलं, त्यानंतर नाही. आईला तेव्हा आठवा महिना चालू होता.

इथं एक खुलासा करायला हवा. तार करता आली असती. तार बटालियन हेडक्वार्टरला पोहोचली असती आणि तिथून वायरलेसवर निरोप वर गेला असता. पण आमच्या गावात तार म्हणजे मरण. पोस्टमन तार घेऊन गल्लीत शिरला की बायका पदर तोंडाला लावायच्या. आईनं आजोबांना बजावलं होतं, काही झालं तरी तार करायची नाही, तिकडं 'तुझी तार आलीय' एवढं ऐकूनच ह्यांचं काळीज थांबेल. पुढचं वाचता येणार नाही. तेव्हा जे काही ते पत्रानं. माझा भाऊ जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात झाला. त्या तारखेच्या चौकटीत दुधाचा आकडा नाही; घरात हिशोब लिहायला कुणी नव्हतंच.

४ फेब्रुवारीला मराठा दिवस असतो. १६७० साली याच तारखेला तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला, म्हणून रेजिमेंट हा दिवस पाळते. खाली बटालियनमध्ये खेळ, बडा खाना, साहेब लोक जवानांना वाढतात. वर पोस्टवर शिरा. डब्यातल्या दुधाचा, काजू मोजून. बुखारीच्या काजळीनं सगळ्यांच्या नाकपुड्या काळ्या झालेल्या, दाढ्या वाढलेल्या. वायरलेसवर सीओ साहेबांचा, म्हणजे बटालियनच्या प्रमुखांचा, संदेश ऐकला आणि आरोळी दिली. बाबांना तेव्हा माहीत नव्हतं की घरी त्यांच्या मुलाला बारा दिवस होत आलेत.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आभाळ उघडलं आणि लिंक पेट्रोल निघालं. खालच्या पोस्टची माणसं अर्ध्या वाटेत येतात, वरची अर्ध्या वाटेत उतरतात, पहाटेच, उन्हानं बर्फ सैल व्हायच्या आत. कमरेला एकमेकांशी दोर, मागं घसटत जाणारी लाल दोरी, कुणी बर्फाखाली गेलाच तर तिच्यावरून शोधायचं. त्या दिवशी अर्ध्या वाटेत डाकेची पिशवी हातात आली. बाबांच्या नावाची नऊ पत्रं होती.

हा प्रसंग बाबांनी कधी सांगितला नाही. तो आम्हाला त्यांच्या एका जोडीदाराकडून कळला, माझ्या लग्नात, पंगतीत बसल्या बसल्या.

बाबांनी नऊ पत्रं आतल्या खाटेवर मांडली आणि शिक्क्यांच्या तारखा बघून लावली. पोरं मागं लागली, "साहेब, शेवटचं फोडा की!" सगळ्यांना माहीत होतं काय बातमी अपेक्षित आहे. बाबा म्हणाले, "तिनं ज्या क्रमानं लिवलंय त्याच क्रमानं वाचणार." पहिल्यात ऊसतोडीची टोळी आली होती. दुसऱ्यात टोळी निघून गेली होती आणि वाढ्यांवरून भावकीत भांडण झालं होतं. तिसऱ्यात म्हैस आटली. चौथ्यात माझे सहामाहीचे मार्क, मराठीत चांगले, गणिताचा उल्लेख नाही. पाचव्यात आईचे पाय सुजले होते. सहाव्यात पुन्हा म्हैस. सातवं माझ्या अक्षरात होतं. मला ते पत्र लिहिल्याचं आठवतं: 'ती. बाबांस, आईला काल दवाखान्यात नेले आहे. आजी सोबत आहे. मी आज एकटीने भात केला. थोडा लागला.' खाली माझी सही, ती मी नुकतीच शिकले होते.

आणि तेवढ्यात स्टँड-टू झालं.

बाबांनी उरलेली दोन पत्रं कोटाच्या आतल्या खिशात घातली, रायफल घेतली आणि मोर्चात जाऊन उभे राहिले. जोडीदार शेजारच्याच मोर्चात होता. तो म्हणाला, "तासभर आम्ही समोरचा डोंगर सोडून तुझ्या बापाकडं बघत होतो. त्यो मात्र डोंगराकडंच." अंधार पूर्ण पडल्यावर, पहारे लागल्यावर, बुखारीच्या उजेडात आठवं पत्र फुटलं. आजोबांचं. तीन ओळी. चिरंजीव झाले, उभयता खुशाल, काळजी नसावी. बाबांनी ते दोनदा वाचलं, मग नववं वाचलं, त्यात पुन्हा म्हैस होती, आणि मग स्वयंपाक्याला गूळ आहे का विचारलं.

हे सगळं ऐकताना आई पदरानं डोळे पुसत होती. पण जोडीदाराची गोष्ट तिथं संपली नाही. कौतुकाच्या भरात तो पुढं म्हणाला, "आणि वैनी, मार्चअखेर वाट उघडायच्या आधी सुट्टीचा तक्ता झाला, आम्ही सगळे म्हटलो पहिल्या तुकडीत तुम्ही जावा. तर ह्यानं आपलं नाव पेन्सिलनं तिसऱ्या तुकडीत लिवलेलं! पहिल्या तुकडीत लग्नवाली पोरं घातली."

आईचे डोळे एकदम कोरडे झाले. चौदा वर्षं तिला वाटत होतं की साहेबांनी सोडलं नाही. भाऊ साडेतीन महिन्यांचा झाला तेव्हा बाबा आले होते. त्या कुठल्याशा न पाहिलेल्या साहेबाला तिनं मनातल्या मनात किती शिव्या दिल्या असतील. माझ्या लग्नानंतर दोन दिवस ती बाबांशी बोलली नाही. पाहुण्यांना वाटलं, लेक सासरी गेली म्हणून.

काश्मीरनंतर दोन वर्षं पलटण पंजाबातल्या छावणीत होती, आम्ही क्वार्टरमध्ये राहिलो. तिथं रोज पीटी, फायरिंग रेंज, इन्स्पेक्शन आलं की विटांना गेरू आणि झाडांना चुना. बाबा रोज घरी यायचे. त्या वर्षांची कॅलेंडरं कोरी आहेत, फक्त दूध.

रेजिमेंटचं स्वतःचं कॅलेंडर मात्र भरगच्च आहे. सगळ्यात जुनी बटालियन १७६८ ची, जंगी पलटण; तिच्यानंतर वर्षभरात उभी राहिलेली काळी पाचवी. १९२२ पासून सेंटर बेळगावात. तिथल्या रिक्रूटांना ज्या तारखा शिकवतात त्या तऱ्हेतऱ्हेच्या देशांतल्या आहेत. मार्च १९४१, इरिट्रियातलं केरेन. १० जुलै १९४४, इटलीतल्या टायबर नदीचं खोरं: माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, सगळा सेक्शन पडल्यावर एकटे मशीनगनवर चालून गेले, ती घेतली आणि तिथंच पडले. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी: शिपाई नामदेव जाधव, दोन जखमी जोडीदारांना खोल पाण्यातून वाहून आणणारे. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस. त्याच्याही आधी पहिल्या महायुद्धात आताच्या इराकमधल्या कूतचा वेढा, डिसेंबर १९१५ पासून एप्रिलअखेरपर्यंत, मराठा पलटणी आत अडकलेल्या, अन्न संपत आलेलं. आमच्या गल्लीत एक घर आहे, त्याला अजून 'बसऱ्याचं घर' म्हणतात. त्या घरातला कुणी तिकडं गेला होता. तो परत आला की नाही, यावर गल्लीत दोन मतं आहेत. त्याच्या बायकोच्या भिंतीवर तेव्हा कॅलेंडर नसेल. ती दिवस कशावर मोजत होती कुणास ठाऊक, बहुतेक अमावास्या-पौर्णिमांवर.

बाबा आता सत्तरीला टेकलेत. नोव्हेंबर लागला की ते अस्वस्थ होतात. कोल्हापुरात थंडी ती काय, पण पंधरा तारखेच्या आत घरात जादा सिलिंडर, पोतंभर गहू, डझनभर काडेपेट्या आणि मेणबत्त्या येऊन पडतात. आई म्हणते, "कुठली वाट बंद होणाराय आता?" ते उत्तर देत नाहीत. सामानाची यादी मात्र भिंतीवर लावतात, सहीसकट.

माझ्या थोरल्या चुलतभावाचा मुलगा अग्निवीर म्हणून भरती झालाय. बेळगावचं ट्रेनिंग संपून तो युनिटला गेला. पत्ता तोच, ५६ एपीओ, पण आता तो व्हिडिओ कॉल करतो, त्यामुळे पत्ता कुणी विचारत नाही. गेल्या रविवारी त्याचा फोन आला. आईनं जेवलास का विचारलं, थंडी किती विचारलं, मग सवयीनं कॅलेंडरकडे गेली आणि म्हणाली, "सुट्टी कधी?" तो म्हणाला, "वर्षाला तीसच दिवस असतात आज्जी, बघू, गणपतीत मिळाली तर."

आईनं सप्टेंबरचं पान उघडलं. पेन शोधायला लागली.

बाबांनी मोबाइल आपल्या हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "तुमच्या प्लाटूनचा तक्ता कोण करतो रे?"